आईचं माहेरचं नाव

बढाया मारायची खोड मला लहानपणापासून आहे. तिच्यापायी मी बरेचदा तोंडावर पडलो, पण एकदा मात्र तिनं माझं भलं केलं. ती ही हकीकत.

तेव्हा मी लोणावळ्याच्या मराठी शाळेत मास्तर होतो. दुसरं महायुद्ध सुरू व्हायला अजून दोन-तीन वर्षं होती. उन्हाळ्याची सुटी लागली की आम्हा मास्तरांपुढे दोन वाटा असत. गावी जाऊन भावाच्या शेतात राबायचं, नाहीतर हवा खायला आलेल्या साहेबलोकांना मराठी शिकवायचं. नांगराशी माझं कधीच जमलं नाही. त्यामुळे त्या वर्षी एका अमेरिकन बाईंनी शिकवणीसाठी बोलावलं तेव्हा मी दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच धुतलेला कोट चढवून त्यांच्या बंगल्यावर हजर झालो.

बाई पन्नाशीच्या, उंच, आणि बोलायला मोकळ्या होत्या. नगरकडच्या मुलींच्या एका शाळेत त्या शिकवत. मे महिन्याच्या शेवटी त्यांची मराठीची परीक्षा होती, आणि परीक्षा झाली की मुंबईहून बोटीनं त्या वर्षभराच्या रजेवर घरी जाणार होत्या. त्यांचं मराठी वाईट नव्हतं. फक्त जगातल्या यच्चयावत पुरुषांना त्या बायका करून टाकत. "माझी आजोबा फार कडक होती," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि मी चहाच्या पेल्याआड तोंड लपवलं.

आजोबांचा विषय त्यांच्या बोलण्यात सारखा येई. त्याचं कारण व्हरांड्यातल्या टेबलावरच पसरलेलं होतं. तो एक धोतराएवढा लांबरुंद कागद होता. त्यावर वर्तुळं काढलेली, एका वर्तुळाखाली दुसरं, रेघांनी जोडलेली, आणि प्रत्येकात एकेक नाव. अगदी वरच्या वर्तुळात त्यांचा मूळपुरुष होता. तीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडातून गलबतात बसून तो अमेरिकेत उतरला होता. धंद्यानं सुतार. तेव्हा तो मुलूखही इंग्रजांच्याच अमलाखाली होता, असं बाईंनी सांगितलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

"म्हणजे तुमचंही आमच्यासारखंच होतं म्हणायचं," मी म्हणालो.

"होतं. मग आम्ही त्यांना घालवून दिलं," बाई म्हणाल्या, आणि मी आपोआप फाटकाकडे पाहिलं. सरकारी शाळेच्या मास्तरानं असलं काही ऐकणंसुद्धा तेव्हा धोक्याचं होतं.

या सुताराचा वंश बाई सात-आठ वर्षं शोधत होत्या. तिकडच्या गावोगावच्या देवळांना, म्हणजे चर्चना, आणि कचेऱ्यांना पत्रं टाकायची आणि महिना-दीड महिन्यानं येणाऱ्या उत्तरांची वाट पाहायची. वंशातल्या एका माणसापाशी त्या अडकल्या होत्या. कागदपत्रांवरून तो एकशेदहा वर्षं जगला असं निघत होतं, आणि शंभराव्या वर्षी त्यानं लग्न केलं होतं. मी कागद पाहिला आणि हसलो.

"बाईसाहेब, हा एक माणूस नाही, दोन आहेत. आजोबा आणि नातू. आजा गेला की पुढं घरात होणाऱ्या पोराला त्याचंच नाव देतात. आमच्याकडे घरोघर असंच आहे. मधला बाप शोधा, त्याचं नाव वेगळं निघेल."

बाईंनी पत्रांची पेटी उपसली. ज्याला त्या इतकी वर्षं या माणसाचा भाऊ समजत होत्या तो मधला बाप निघाला. त्यांनी टाळी वाजवली, खानसाम्याला हाक मारून मला केक आणायला सांगितला. मास्तरला केक मिळाला की जे व्हायचं तेच झालं. माझ्या अंगात वारं शिरलं.

"आम्हाला असले कागद लागत नाहीत," मी म्हणालो. "मावळातल्या शेतकऱ्याला आपल्या दहा पिढ्या तोंडपाठ असतात."

बाईंनी एक कोरा कागद घेतला, त्यावर खाली एक वर्तुळ काढलं, त्याच्यावर दोन, त्यांच्यावर चार. "खालचं तुमचं. त्यावर आईवडील. त्यावर दोन्हीकडचे आजी-आजोबा. दहा नको, तीनच पिढ्या," त्या म्हणाल्या. "मी जाण्याआधी भरून द्या. घरी गेल्यावर आमच्या गावच्या मुलींना दाखवीन. मावळातली एक कुटुंब."

"मावळातलं एक कुटुंब," मी दुरुस्त केलं, आणि तिथल्या तिथे पेन उघडलं. माझं नाव, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव झरझर लिहिलं. वडिलांच्या आईचं नाव जरा आठवून लिहिलं; तिचं लग्नातही तेच राहिलं होतं. मग आईच्या वर्तुळात आईचं नाव लिहिलं.

"हे लग्नानंतरचं असेल ना?" बाईंनी विचारलं. "मला आधीचं हवं. मुलगी ज्या घरातून आली त्या घराची रेघ या नावापासून वर जाते."

मी पेन खाली ठेवलं. मला ते माहीत नव्हतं.

घरी जाताना वाटेत मला याचं नवल वाटत राहिलं. बायकोचं माहेरचं नाव मला माहीत होतं, कारण माझे मेहुणे अजून तिला त्याच नावानं बोलावत. पण आईचे आईवडील माझ्या आठवणीच्या आधीच गेलेले. दोन्ही मामा आईपेक्षा धाकटे, ते तिला आक्का म्हणत. तेही मानमोडीच्या तापाच्या साथीत एकाच आठवड्यात गेले. त्यानंतर आईला नावानं हाक मारू शकेल असं जगात कुणी उरलंच नव्हतं. पस्तिशीला आलेला मी, शाळेत पोरांकडून राजेमहाराजांच्या वंशावळी घोकून घेणारा, आणि मला आईचं नाव ठाऊक नाही. लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त भीती वाटली ती बाईंच्या कागदावर वर्तुळ रिकामं राहण्याची.

वडील गेल्यापासून आई माझ्याकडेच राहत होती. मी गेलो तेव्हा ती मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसली होती.

"आई, लग्नाच्या आधी तुझं नाव काय होतं?"

"कशापायी?"

"त्या अमेरिकन बाईंना हवंय."

"तिला माज्या नावाचं काय लोणचं घालायचंय का?"

मग मी तिला सगळं सांगितलं. गलबत, सुतार, वर्तुळं. आई निवडता निवडता ऐकत होती. गोष्ट संपल्यावर तिनं एकच विचारलं, "त्याच्यासंगं बायकू व्हती का?"

"होती. पण तिचं काहीच मिळत नाही. देवळाच्या वहीत नुसतं 'त्याची बायको' एवढंच लिहिलंय."

"मंजी तितंबी तसंच," आई म्हणाली.

"म्हणून तर तुझं सांग. तुझं तरी राहू दे."

तिचा हात थांबला. "आपलं नाव आपल्याच तोंडानं घेत न्हाईत. नाव हाक माराया असतं. हाक मारनारी गेली, तवाच नाव बी गेलं. जा, आंगुळीला पानी काढलंय." आणि सूप उचलून ती उजेडाकडे तोंड करून बसली. ती रागावली नव्हती. पण तिचा आवाज खाली गेला होता, आणि पुन्हा विचारायचा मला धीर झाला नाही.

त्या रविवारी मी कामशेतपर्यंत गाडीनं आणि पुढं पायी असा बेडशाला गेलो. आईचं माहेर तिथलं, लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी. तिचा एक चुलतभाऊ तेवढा हयात होता. पावसाळा तोंडावर आला म्हणून तो घराच्या छपरावर चढून गवत शाकारत होता. खाली उतरायला त्याला सवड नव्हती, म्हणून मी खालूनच ओरडून विचारलं.

"मामा, माझ्या आईचं नाव काय होतं?"

"आक्का!" तो वरून ओरडला.

"ते नव्हे. पाळण्यातलं."

तो विचारात पडला. मग त्यानं बायकोला हाक मारली. ती म्हणाली, आमी वन्सं म्हणायचो. शेजारची म्हातारी आली, तिच्या मते ती 'थोरली'. एकजण म्हणाला, लोणावळ्याची आत्या. तासाभरात आईची सहा नाती जमली आणि नाव एकही नाही. थोरल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही ही आमची रीत. ती इतकी इमानानं पाळली होती की नावच पुसून गेलं होतं. मामाला आईला आंदण दिलेल्या गाईचं नाव आठवत होतं. ते त्यानं मोठ्या अभिमानानं सांगितलं, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

"गाईचं नाव सांगता आणि बहिणीचं नाही?"

"गाईला नावानं बोलवत व्हतो ना रं," मामा शांतपणे म्हणाला. मग गवताची पेंढी बाजूला ठेवून त्यानं कपाळ खाजवलं. "चाचीला ईचार. बांगड्या भराया यायची ती. तिला समद्या पोरींची नावं पाठ. आता हिंडायचं व्हत न्हाई तिला, सोमाटण्याला लेकाकडं असती."

पुढच्या रविवारी तळेगावला उतरून सोमाटण्याला गेलो. बाईंची परीक्षा गुरुवारी होती आणि शनिवारी त्या मुंबईला निघणार होत्या. म्हणजे माझ्या हाती हाच एक दिवस होता. चाचीच्या लेकाचं हमरस्त्याला लागून बांगड्यांचं दुकान होतं. म्हातारी दुकानाच्या मागं बाजेवर बसलेली, जवळजवळ आंधळी. आसपासच्या गावांतल्या तीन पिढ्यांच्या मनगटांवर तिनं बांगड्या चढवल्या होत्या. मी कोण, कुठला, कशाला आलो हे सांगितलं.

"बेडशाची? बेडशाच्या लय पोरी मी चुडा भरून सासरी लावून दिल्या," ती म्हणाली. "हात आन हिकडं."

मी हात पुढं केला. तिनं माझं मनगट दाबून पाहिलं, मग अंगठ्याच्या मुळाशी बोट फिरवलं. तिथं माझं हाड जरा वर आलेलं आहे. त्याचा मला कधी उपयोग झाला नव्हता.

"अगं बया," चाची म्हणाली. "ह्यो हात मला ठावं हाय. ह्या हाडानं लग्नाच्या चुड्यातली माजी पयली बांगडी फोडली. आन पोरगी मलाच म्हनती, चाची, बांगडी तुज्या हातानं फुटली, माज्या न्हाई. नवरी मुलगी, नऊ-धा वर्साची, पर जिभंला हाड न्हाई! सगळा मांडव हसत व्हता." आणि मग, मी न विचारताच, तिनं ते नाव घेतलं.

मी ते पहिल्यांदा ऐकलं. छोटंसं, दोन अक्षरी, खेळत्या पोरीचं नाव. आई आणि ते नाव यांचा काही मेळच बसेना. माझ्या आठवणीतली आई म्हणजे कामाच्या रगाड्यात वाकलेली बाई, आणि हे नाव म्हणजे मांडवात भांडणारी पोर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि चाचीला दिसत नव्हतं म्हणून मी ते पुसलंही नाही.

"तुजा बा हाय का?" तिनं विचारलं.

"नाही. पाच वर्षं झाली."

"मंजी हात मोकळं झालं," ती म्हणाली. तिनं माझं मनगट सोडलं. "तिला सांग, बांगडी तुज्याच हाडानं फुटली व्हती."

संध्याकाळच्या गाडीनं लोणावळ्याला परत आलो. स्टेशनपासून घरापर्यंत मी ते नाव मनात घोळवत होतो. ते आईला कसं सांगायचं? समोर बसून, तुझं नाव अमुक आहे, असं तिलाच सांगायचं? दाराशी आलो. आई आत चुलीपाशी होती, भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मुलानं आईला नावानं हाक मारणं म्हणजे आमच्याकडे थोबाडीत खायची कामं. पण ती म्हणाली होती, नाव हाक मारायला असतं. मी उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो आणि त्या नावानं, अंगणातून खेळायला बोलवावं तशी, मोठ्यांदा हाक मारली.

"ओ!" आतून आवाज आला.

आई मला कधी ओ देत नसे. "काय रं?" म्हणे. थोरली माणसं धाकट्याला ओ देत नाहीत. ही ओ एखाद्या लहान मुलीनं बापाला द्यावी तशी होती, पातळ आणि तत्पर. त्यानंतर भाकरीचा आवाज थांबला. मग पिठाचे हात तसेच घेऊन आई दारात आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागं पाहिलं, रस्त्यावर आणखी कुणी आहे का ते पाहिलं.

"कुनी सांगितलं?"

"सोमाटण्याच्या चाचीनं. म्हणाली, बांगडी तुझ्याच हाडानं फुटली होती."

"खोटं बोलती ती! तिच्याच हातानं फुटली!" आई म्हणाली आणि एकदम हसायला लागली. हसता हसता उंबऱ्यावर बसली. पिठाचा हात डोळ्याला लावला, त्यामुळे एक गाल पांढरा झाला. आत तव्यावरची भाकरी करपत होती, माझी बायको धावली, पण आई उठली नाही.

"पुन्यांदा म्हन," ती म्हणाली.

मी पुन्हा हाक मारली. तिनं पुन्हा ओ दिली. या वेळी हसता हसता ती रडलीही.

रात्री जेवताना मी कागदाचं विचारलं. "बाईच्या कागदावर लिव्ह," आई म्हणाली. "पर गावात सांगत फिरू नगंस." तिचा शब्द मी मोडणार नाही, म्हणून इथंही ते नाव लिहिलेलं नाही. कागदावर मात्र लिहिलं, आणि तिनंच मग न विचारता आपल्या आईचं आणि बापाचंही सांगितलं. सातही वर्तुळं भरली.

शुक्रवारी बाई निरोप घ्यायला स्वतः आमच्या घरी आल्या. परीक्षा चांगली गेली होती. आईनं त्यांना पाटावर बसवलं, आंबेमोहराचा भात वाढला आणि त्या हातानं कशा जेवतात हे पाहत बसली. बाईंनी कागद वाचला, आईच्या नावावर बोट ठेवलं आणि ते नाव मोठ्यानं उच्चारलं. आईनं मान हलवली.

"तुमच्या त्या आज्जीचं घावलं का?" आईनं विचारलं. सुताराच्या बायकोबद्दल ती विचारत होती.

"नाही," बाई म्हणाल्या. "आता मी तिच्या गावी जाणार आहे. पण मला आशा नाही. कुठेच लिहिलेलं नाही."

"मग तुमीच ठेवा की एखादं. सासरची मान्सं ठेवत्यात नाव, मग लेकीनं का ठेवू नये? तुमी तिची लेकच की."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नीट समजावून सांगितलं. बाई हसल्या आणि म्हणाल्या, वंशावळीत असं मनानं काही घालता येत नाही, पुरावा लागतो. आईला ते काही पटलं नाही. पण पाहुण्या माणसाशी वाद नको म्हणून तिनं आणखी भात वाढला.

बाईंचं पत्र पुढच्या वर्षी आलं. मराठीत लिहिलेलं, आणि लिंगाच्या चुका फक्त दोन. पावसानं घरात अंधार होता, म्हणून मी दाराशी बसून ते आईला वाचून दाखवलं. बाई त्या सुताराच्या गावी जाऊन आल्या होत्या. देवळामागच्या दफनभूमीत त्याचा दगड होता, त्याच्यावर त्याचं नाव होतं. शेजारी एक लहान दगड होता. त्याच्यावरची अक्षरं वाऱ्यापावसानं झिजून सपाट झाली होती. तो तिचाच असणार. कागदावरचं वर्तुळ रिकामंच राहिलं, असं बाईंनी लिहिलं होतं. पुढं लिहिलं होतं, 'तिथे आसपास कोणी नव्हते. मला दुसरे नाव माहीत नव्हते, म्हणून मी तुमच्या आईच्या माहेरच्या नावाने तिला एकदा हाक मारली.'

मी वाचायचा थांबलो. आई पुढं सरकून बसली होती.

"मग?" ती म्हणाली. "तिनं ओ दिली का?"